उभ्याउभ्या तपासणी

हिलरी थ्वेट माझ्या शेजारच्या वर्गात गणित शिकवायची. यॉर्कशरमधली आमची शाळा चढावर, आणि हिलरीचे गुडघे केव्हाच कुरकुरायला लागलेले. नवरा गेल्यापासून ती वह्यांचे गठ्ठे घरी नेऊन जेवणाच्या टेबलावर तपासत बसायची. मग उपमुख्याध्यापक गॅरेथ पिंडरने फर्मान काढलं: वह्या घरी न्यायच्या नाहीत. मुलं गणितं सोडवत असतानाच बाकांमधून फिरायचं, चूक दिसली की तिथल्या तिथे दाखवायची.

"बरं झालं की," मी म्हटलं. "संध्याकाळ मोकळी झाली तुझी."

"झाली, पण कंबर गेली. दिवसभर वाकून बटाटे काढल्यासारखं वाटतं."

तरी ती फिरायची. मुलांना फायदा होतोय, हेही तीच कबूल करायची. उणे चिन्ह विसरलेला मुलगा लगेच सुधारायचा. पूर्वी वही परत मिळेपर्यंत त्याला ते गणितच आठवत नसे.

ब्रायनीचं मात्र उलटं झालं. ही नववीतली अबोल मुलगी. हिलरी जवळ आली की ती वहीवर कोपर टाकून बसायची. नोव्हेंबरातल्या एका अंधारलेल्या दुपारी हिलरीने ते कोपर हलकेच बाजूला केलं आणि दुसऱ्या ओळीवर गोल काढला. "कंस सोडवताना चुकलीस बघ."

ब्रायनीने पेन खाली ठेवलं. "मिस, जरा चुकू तरी द्या ना मला! तुम्ही आलात की माझं डोकंच बंद पडतं."

मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं. हिलरीला राग यायला हवा होता, पण रागवायचंही त्राण नव्हतं. "बरं," एवढंच म्हणून तिने कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि ब्रायनीशेजारी बसून खिडकीबाहेर बघत राहिली. ब्रायनीने पुढचं गणित मांडलं, खोडलं, पुन्हा मांडलं. बऱ्याच वेळाने तिने वही हिलरीकडे सरकवली.

"मिस, इथे काहीतरी घोळ आहे."

"कुठे वाटतोय तुला?"

ब्रायनीने कंसावर बोट ठेवलं. घोळ तिथेच होता.

नेमका तेव्हाच पिंडर दारातून डोकावला. तास संपल्यावर म्हणाला, "हिलरी, तू बसली होतीस. बाकीच्यांचं काय?"

"बाकीचे उद्या. मला सगळीकडे नाही पुरं पडता येत, गॅरेथ. ये तू हवं तर, अर्धा वर्ग तू घे."

तो काही आला नाही. हिलरी त्यानंतर थोडं फिरायची, जास्त बसायची. कुणाला लगेच सांगायचं आणि कुणाजवळ गप्प थांबायचं, हे तिला हळूहळू उमगत गेलं.

वर्षअखेरीच्या चाचणीत ब्रायनी जेमतेम का होईना, पास झाली. बसमध्ये मी हिलरीचं अभिनंदन केलं.

"तिचं कर," ती म्हणाली. "आणि माझा स्टॉप आला की उठव मला."