राहेलबाईला आम्ही उभं ठेवलं

दुसऱ्या कुणाच्या प्रार्थनेला तुम्ही आमेन म्हणता, तेव्हा आपण कशाला रुकार देतो हे तुम्हाला ठाऊक असतं का? विचारतो अशासाठी, की मला ठाऊक होतं. पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच मी जे केलं ते अजाणता केलं असं म्हणायची सोय मला उरलेली नाही. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, पाळकांना नाही. आणि ज्याला सगळं दिसतं त्याच्याशी बोलतानाही मी तिला वळसा घालून जात आलो.

आमचा ख्रिस्तवाडा शिराळ्याच्या अलीकडं, उसाच्या रानाला लागून. कौलारू प्रार्थनामंदिर, शेणानं सारवलेली जमीन, एका बाजूला बाया, एका बाजूला पुरुष. पाळक सांगलीहून महिन्यातून एकदा येत. बाकीच्या रविवारी उपासना मी चालवायचो, कारण वाईला राहून चार बुकं मी शिकलो होतो. आणि त्या चार बुकांपेक्षा पत्रकं जास्त वाचली होती — मिशनची, भटशाहीविरुद्धची, सरकारविरुद्धची. हातात पत्रक आलं की माझं रक्त तापायचं. बेचाळीसच्या आधीच मी स्वतः लिहायला लागलो होतो.

माझा आवडता विषय कोणता, सांगू? मंडळी. सगळी मंडळी. पाळकानं बोलायचं आणि लोकांनी सतरंजीवर बसून माशा हाकायच्या याला मी उपासना म्हणत नसे. उपासना सगळ्यांची असते, असं मी लिहायचो. एकाच्या ओठांवर आलेली प्रार्थना सगळ्यांच्या आमेननं सगळ्यांची होते. साताऱ्याला एक बेने इस्राएल, म्हणजे यहुदी, ओव्हरसियर माझ्या ओळखीचे होते. एकदा बोलता बोलता त्यांनी सांगितलं, की वडिलांच्या पुण्यतिथीची प्रार्थना म्हणायला त्यांना दरवर्षी पुण्याला जावं लागतं. साताऱ्यात त्यांच्या समाजाचे दहा पुरुष जमत नाहीत, आणि दहा जमल्याशिवाय ती म्हणता येत नाही.

"का?" मी विचारलं.

"आमेन कोण म्हणणार?" ते म्हणाले. "एकट्यानं म्हटली तर ती तिथंच राहते, मास्तर."

मला हे इतकं आवडलं की मी ते पत्रकात घातलं. नाव न सांगता. जणू मलाच सुचलं होतं.

आमच्या मंडळीत त्याहून कडक रीत होती. उपदेशानंतर मोकळी प्रार्थना. ज्याला वाटेल त्यानं उभं राहायचं, आपल्या भाषेत देवाशी बोलायचं. पण स्वतः आमेन म्हणायचं नाही. ते मंडळीनं म्हणायचं, आणि मगच त्यानं खाली बसायचं. मंडळीचं आमेन होईपर्यंत उभं राहायचं. ही रीत कुणी पाडली ठाऊक नाही, पण ती कुणी मोडत नसे. गावाच्या विहिरीवर ज्यांना पाय ठेवू देत नसत, गावात ज्यांच्या बोलण्याला कुणी 'हूं' म्हणत नसे, त्यांच्या शब्दाला इथं सगळी मंडळी एका आवाजात 'आमेन' म्हणे. तुम्हाला ही लहान गोष्ट वाटते? आमच्याकडं दुसरं होतंच काय?

राहेलबाई विधवा होती. एकुलता मुलगा दावीद पलटणीत भरती होऊन ब्रह्मदेशाकडं गेलेला. दर रविवारी ती उठायची आणि तेच मागायची. "देवा बापा, माज्या दावीदला संबाळ. त्येच्यासंगट जी पोरं हायत त्यास्नी बी संबाळ. समोरच्या फळीत जी हायत त्यास्नी बी, कारण त्यास्नी बी आया असत्याल." मंडळी म्हणायची — आमेन. ती बसायची. पदरानं तोंड पुसायची.

आता माझ्याकडं येतो. किती फिरतोय बघा.

बेचाळीसच्या त्या पावसाळ्यात आमची पत्रकं एका बंद गुऱ्हाळात छापली जात. सायक्लोस्टाइलचं यंत्र गूळ आटवायच्या पालथ्या काहिलीखाली लपवलेलं असे. छापायला महादू आणि त्याचा चुलतभाऊ. महादू मराठ्याचा, पण माझ्या ताटात जेवणारा. त्या दिवसांत हे सोपं नव्हतं. मजकूर माझा. एका बाजारच्या दिवशी जमादारानं मला गर्दीतून बाजूला घेतलं आणि एका खोलीत बसवलं. मारलं? नाही. मारलं असतं तर आज माझ्याकडं सांगायला काहीतरी असतं. त्यानं कमरेचा पट्टा काढला आणि टेबलावर ठेवला. चहा मागवला. म्हणाला, "मास्तर, तुम्ही शिकलेली माणसं. उगं अंगाला हात लावायला लावू नका."

मी गुऱ्हाळ सांगितलं. चहा पिऊन झाल्यावर काहिलीचंही सांगितलं — त्यानं विचारलं नव्हतं तरी.

मला मागच्या दारानं सोडलं. मी भाजी घेऊन घरी आलो. होय, भाजी घेतली. दोघंही पकडले गेले. महादू सुटून आला तेव्हा त्याच्या डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं.

पण ते नंतर. धरपकडीच्या दुसऱ्याच दिवशी पोरं जमली आणि एकच विचारू लागली — कुणी सांगितलं? पाराशी मीही उभा होतो. सगळ्यांत मोठ्यानं मीच ओरडत होतो. आणि मग मी एक वाक्य बोललो. "राहेलबाई परवा चावडीवर गेली होती म्हणे."

हे वाक्य खरं होतं. ती गेली होती. दावीदची काही खबर आली का हे विचारायला ती दर आठवड्याला जायची, आणि जमादार तिथं असला तर त्यालाही विचारायची. मला ते माहीत होतं. पोरांनाही माहीत होतं. पण मी ते ज्या आवाजात बोललो, त्या आवाजात ते कुणी आजवर ऐकलं नव्हतं. खोटं न बोलता खोटं कसं बोलायचं, हे पत्रकं लिहिणाऱ्याला वेगळं शिकवावं लागतं का?

गावानं तिला कामावर बोलावणं बंद केलं. उसाच्या भांगलणीला बाया चालल्या की हिला वगळून जायच्या. "सायबाची आई आली, वाट सोडा," असं म्हणून पोरं हसायची. एवढ्यावर थांबलं असतं. पण आमच्या वाड्यातले वडीलधारे शांतवनआबा मला म्हणाले, "बाई तशी न्हवं रं. ही कुनी दुसऱ्यानंच केलंया. नीट इचारपूस केली पायजे." विचारपूस! विचारपूस झाली की त्या दिवशी बाजारात कोण होतं हे निघणार.

तेव्हा मी तत्त्व बाहेर काढलं. रातोरात नाही — चांगला आठवडाभर बसून, शब्द घासूनपुसून मी एक पत्रक लिहिलं. आमेन ही मंडळीची सही आहे. देशद्रोह्याच्या प्रार्थनेला आमेन म्हणणारा त्या द्रोहात भागीदार होतो. आमेन नसलेली प्रार्थना वर जात नाही, ती तिथंच राहते. राहेलबाईचं नाव कुठंही नव्हतं. गरज नव्हती. ते पत्रक मी स्वतः वाडाभर वाचून दाखवलं. आणि खरं सांगू? त्यातल्या एकेका वाक्यावर माझा विश्वास होता. आजही आहे. मला वाईट शस्त्र लागलं नाही — चांगलंच मिळालं.

पुढल्या रविवारी ती उठली. दावीदसाठी मागितलं, त्याच्या सोबत्यांसाठी, समोरच्यांसाठी. संपवलं.

कुणी काही बोललं नाही.

ती थांबली. तिला वाटलं असावं, आपला आवाज कमी पडला. तिनं शेवटचं वाक्य पुन्हा म्हटलं. तिच्या शेजारी मार्थाबाई बसली होती, तिच्या ओठांतून 'आ' एवढं निघालं. मी तिच्याकडं पाहिलं. तिनं उरलेलं गिळलं.

शांतवनआबा कुजबुजले, "आरं, बाईला बसू द्या की."

"मंडळीनं ठरवलंय, आबा."

"मंडळीनं म्हंजे कुनी?"

राहेलबाईच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आबा. उबी ऱ्हाते मी." आणि ती राहिली. दान गोळा झालं, आशीर्वाद झाला, लोक तिच्या बाजूनं वाट काढत बाहेर गेले, आणि ती भिंतीकडं तोंड करून उभीच होती. स्वतः आमेन म्हणून तिला बसता आलं असतं. पण रीत तिलाही आमच्याइतकीच ठाऊक होती.

मला काय वाटलं? लाज वाटली असं लिहायला हात शिवशिवतो. वाटली नाही. मला बरं वाटलं. इतकी माणसं माझ्या एका शब्दावर गप्प बसली! पाळकालाही हे जमलं नसतं. जेवताना मला भूक चांगली लागली होती.

असे रविवार किती गेले ते मी मोजले नाहीत. ती येत राहिली, उठत राहिली, उभी राहत राहिली. पाळक आले की मी त्यांना सांगायचो, मंडळीचा अंतर्गत प्रश्न आहे. ते सांगलीचे, त्यांना परतीची गाडी असायची. साताऱ्याला त्या ओव्हरसियरांना मी मोठ्या अभिमानानं सांगितलं, की तुमच्या शब्दांतून मी काय उभं केलं. ते आधी हसले, त्यांना चेष्टा वाटली. मग म्हणाले, "आमच्यात माणसं नसतात म्हणून प्रार्थना अडते. तुमच्यात माणसं बसलेली असून अडवली?" त्यानंतर मी त्यांच्याकडं गेलो नाही.

मग एक रविवार आला. ती उठली, आणि या वेळी दावीदचं नाव घेतलं नाही. म्हणाली, "देवा बापा, गुऱ्हाळातल्या पोरांचं ज्यानं कुनी सांगितलं, त्येचं त्वांड उघड. हितंच उघड, समद्यांम्होरं. मंग त्येला काय करायचं ती तू कर."

मंदिरात असं काही झालं की ते मला अजून अंगावर जाणवतं. माना वळल्या. जिनं सांगितलं असेल ती असं मागेल का? हे सगळ्यांना एकदमच कळलं. मार्थाबाईचा श्वास वर गेला. शांतवनआबांनी तर तोंड उघडलं होतं. पण त्यांना सवय लागली होती — मीच लावली होती — माझ्याकडं पाहायची. आधी माझ्या ओठांकडं, मग स्वतःच्या. सगळी मंडळी आमेनच्या काठावर उभी होती आणि माझी वाट पाहत होती.

मी म्हणालो, "आपण सर्व उभे राहून गीत गाऊ."

सगळे उठले. आणि सगळेच उभे राहिले म्हटल्यावर राहेलबाई उभी आहे हे कुणाला दिसेनासं झालं. पेटी वाजली. मी तीन कडवी गायलो, चढ्या आवाजात. माझा आवाज चांगला आहे, लोक सांगतात.

त्यानंतर ती प्रार्थनेला उठली नाही. दावीद परत आला नाही. आधी 'पत्ता नाही' असं कळलं, मग काहीच कळलं नाही. स्वराज्य आलं तेव्हा गावानं मला आणि महादूला एकाच गाडीत बसवून मिरवलं. महादूनं आपला ऐकू येणारा कान माझ्याकडं करून विचारलं, "तुजं पत्रक नसतं तर ती अवदसा अजून देवळात तोंड वर करून बोलली असती, न्हाई का रं गड्या?" मी म्हणालो, "व्हय." हार माझ्या गळ्यात होता.

आता मी सांगलीत असतो, छापखान्यात. मागच्या वेळी गावी गेलो तेव्हा मार्थाबाईनं सांगितलं ते ऐका. राहेलबाई म्हणते, दावीद मेला तो गोळीनं न्हाई. माजी प्रार्थना वर गेलीच न्हाई, हितंच ऱ्हायली, म्हनून त्यो मेला. मास्तरांनीच न्हाई का वाचून दाखवलं हुतं?

तिला हे मी शिकवलं. पोरगं गेल्याचा दोष तिनं माझ्या पत्रकावरून स्वतःच्या माथी घेतला. आपल्या प्रार्थनेला कुणी आमेन म्हणालं नाही, म्हणजे आपल्यातच काही खोट असणार, असं ती धरून चालते. ती अजूनही उपासनेला येते. मागं भिंतीला टेकून बसते. मी घाबरलो होतो खरा, पण ती सबब नव्हे. ते मी नुसतं सांगितलं. आजही मी तिच्यासमोर जाऊन हे बोललेलो नाही, ते छापतो आहे. यावरून मी किती बदललो ते तुम्हीच बघा.

माझ्यासाठी मला काही नको. पण राहेलबाईला वाचता येत नाही. वाड्यातलं ज्याच्या हाती हे पडेल त्यानं येत्या रविवारी मोकळ्या प्रार्थनेच्या आधी उठावं आणि हे सगळं, माझ्या नावासकट, मंडळीसमोर तिला मोठ्यानं वाचून दाखवावं. महादूलाही बोलवा, आणि त्याच्या उजव्या बाजूला बसा. मग तिला विचारा, तुला काय मागायचंय? ती माझ्यावर जे मागेल ते मागू द्या. तिचं बोलून झालं की कुणाच्या तोंडाकडं न पाहता, सगळ्यांनी मिळून, आमेन म्हणा — आणि तिला बसवा.