मेन्नोचं भक्कम घर

मेन्नो आणि मी एका वर्गात होतो. फुटबॉल खेळताना आम्ही त्याला पंच करायचो, कारण त्याला खेळता येत नसे. सामना रंगात आला की हा शिट्टी खिशात टाकून जिंकणाऱ्या बाजूने धावायला लागायचा. असा माणूस राजकारणात गेला नसता तरच नवल. यथावकाश तो हेगच्या सरकारात उपमंत्री झाला. खातं मिळालं खाणींचं. सायकलवरून कचेरीत जातानाचे त्याचे फोटो पेपरात यायचे आणि त्याची आई, आल्त्येकाकू, ते गावभर दाखवायच्या.

आमच्या गावाखालून एक कंपनी वायू उपसते आणि वरची घरं हादरतात. काकूंच्या भिंतीला तर बाहेरून लाकडी टेकू दिलेत. आईला सरकारकडून दुसरं घर मिळवून दे, म्हणून मेन्नोची बहीण फेन्ना त्याच्या मागे लागली होती. उपमंत्री असताना तो म्हणाला, स्वतःच्या घरासाठी शब्द टाकला तर लोक नावं ठेवतील. मग सरकार पडलं आणि उन्हाळा सरायच्या आत साहेब त्याच कंपनीचे अध्यक्ष झाले. आता म्हणे, जुन्या खात्याशी दोन वर्षं बोलायची बंदी आहे. घर भक्कम असल्याचं मात्र तो दोन्ही खुर्च्यांवरून सांगत राहिला. काकूंना तेवढं पुरे होतं. माझा मेन्नो सांगतोय, मग मी कशाला हलू, असं त्यांचं म्हणणं. मला त्यांची कीव यायची, आणि त्याचा संताप.

काकूंच्या वाढदिवसाला आम्ही नेहमीसारखे गोल करून बसलो होतो. मेन्नो ड्रायव्हरवाल्या गाडीतून आला आणि रिवाजाप्रमाणे सगळ्यांचं अभिनंदन करत सुटला, आईचं, माझं, माझ्या बायकोचंही. फेन्नाचा हात धरल्यावर मात्र ती म्हणाली, "मंत्री होतास तेव्हा तुझे हात बांधलेले. आता तोंड बांधलेलं. पगार घेताना बरं सगळं सुटतं."

मेन्नो निवडणुकीतलं हसू हसला. "फेन्ना, आमच्या तज्ज्ञांनी पाहिलंय. घर भक्कम आहे."

कॉफी झाली, केकचा एकेक तुकडा झाला, डबा बंद झाला. काकूंनी त्याच्यासाठी वरच्या खोलीत अंथरूण घातलं होतं. तेव्हा कुठे त्याने सांगितलं की तो शहरात हॉटेलात उतरलाय. काकूंना काही कळेना. पलंग त्याचाच होता, चादरी धुतलेल्या होत्या. त्यांनी कारण विचारलं.

मेन्नोने घड्याळ पाहिलं. "कंपनीचा नियम आहे, आई. टेकू लावलेल्या घरात अधिकाऱ्यांनी मुक्काम करायचा नाही. विम्याची भानगड होते."

काकू उठल्या, खुंटीवरचा कोट अंगात घातला, पर्स घेतली आणि बाहेर जाऊन त्याच्या गाडीत मागे बसल्या.

मेन्नो धावत गेला. "आई, अगं, हॉटेलातली खोली एकाच माणसाची आहे."

"मग तू इथे झोप," काकू म्हणाल्या. "घर भक्कम आहे."