गावाचा होकार

डॉ. वुर्यानी घाबरल्या त्या सभेत नव्हे, वाटेतच. जकार्ताच्या नियोजन कार्यालयाची जीप घाट उतरली आणि त्यांना आजोळचं चिंचेचं झाड दिसलं. ते गाव, केडुंगवारू, धरणाच्या पाण्याखाली जाणार की वाचणार, ते त्यांच्या अहवालावर ठरायचं होतं. नफातोट्याचं गणित चोख जमलं होतं. राहिली होती फक्त गावाची संमती.

साहेब होते पाक तोबिंग, म्हणजे तोबिंगराव. सुमात्राचा गडी, आवाज खणखणीत, जावाची भाषा बेताचीच.

"धरण होणार, तुम्ही दुसरीकडे जाणार. कबूल?"

"इंग्गिह," सगळं गाव माना खाली घालून म्हणालं.

"बघा बाई, किती गुणी माणसं! एक तोंड वाकडं नाही."

आता इंग्गिह म्हणजे हो, हे खरं. पण मोठ्यांपुढे म्हटलेलं इंग्गिह म्हणजे नुसतं 'ऐकलं'. हे जावातलं शेंबडं पोरही सांगेल. वुर्यानींनी तेवढंच सांगायचं होतं. पण त्यांच्या मामांना पासष्ट साली कम्युनिस्ट म्हणून सैनिकांनी घरातून नेलं होतं, ते परत आलेच नाहीत. कोणी ते नातं उकरून काढलं की नोकरी गेलीच. आणि धरणाला आडवा येईल तो कम्युनिस्ट, असा तो काळ.

"बाई, तुम्ही इथल्याच ना? गाव राजी आहे, असं लिहू?"

दुसऱ्या रांगेतून आईची मावशी, सिनेम आजी, त्यांच्याकडेच बघत होती. वुर्यानींनी मान खाली घातली. भीती, निव्वळ भीती. दुसरं काही नाही.

"इंग्गिह," त्या म्हणाल्या.

"झालं तर मग!" तोबिंग उठलेच.

बाहेर आजीने त्यांचा हात धरला. "पोरी, ते इंग्गिह आपलं होतं का त्यांचं?"

"आपलंच गं, आजी."

"मग सांग की त्याला तसं. तो बघ, अजून सिगारेट ओढतोय."

तोबिंगांनी सिगारेट विझवली, हॉर्न वाजला, आणि वुर्यानी जाऊन जीपमध्ये बसल्या.

चिंचेचा शेंडा दोन पावसाळे पाण्यावर दिसत होता म्हणतात. त्या बघायला गेल्या नाहीत. नोकरी टिकली, मग योग्याकार्ताला प्राध्यापकी मिळाली. विकासाचं धोरण शिकवण्यात हयात गेली, मान मिळाला. फक्त "समजलं का?" असं विचारल्यावर वर्ग एका सुरात "इंग्गिह, बू", म्हणजे "हो, बाई", म्हणाला की त्या फळ्यापासून वळायच्या. मग एकेकाला उठवून विचारायच्या, "हो, का नुसतं ऐकलंस?" पोरं गालात हसायची; बाईंची खोड, म्हणायची.

एकदा मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "बू, मग साहेबासमोर 'नाही' म्हणायचं तरी कसं?"

बाईंनी खडू खाली ठेवला. दाराकडे पाहिलं, कोणी ऐकत नाही ना म्हणून. साहेब केव्हाच मेले होते, ते सरकारही गेलं होतं.

"ते मला येत नाही गं," त्या म्हणाल्या.