फिका पडलेला निळा

गुआशचे रंग मी नुकतेच शिकायला घेतलेत. ओला असताना गडद दिसणारा निळा वाळला की फिका पडतो, आणि नवशिक्याला ते आधी कळत नाही. गच्चीवरून दिसणारी खाडी हे माझं पहिलं चित्र.

"हुबेहूब! बाहेरच्या खोलीत लावू," नवरा म्हणाला. मी दिवसभर गुणगुणत होते.

संध्याकाळी चहा घेऊन गेले, तर तो फोनवर त्याच्या बहिणीला हसत सांगत होता, "खाडी कसली, नुसता चिखल! पण म्हटलं, रमू दे तिला."

चिखल मलाही दिसत होता. लाज वाटली ती त्या गुणगुणण्याची. चहा ठेवून मी परत चित्रापाशी बसले आणि पाण्यावर पुन्हा निळा चढवला.

"वा, आता तर आणखी छान!" तो मागून म्हणाला.

लग्न झाल्यापासून माझ्या आमटीलाही तो असंच छान म्हणत आलाय.