हा चेहरा कुणाला सुंदर वाटतो?

पेनाच्या टोकानं पाहुण्यानं माझी हनुवटी वर केली. हात लावला नाही. पेन लावलं.

"हालू नका," म्हणाला.

चेन्नईतल्या एका चित्रकलेच्या कॉलेजात मी मॉडेल म्हणून बसायची. मुलंमुली माझी चित्रं काढायची. नवऱ्याबरोबर सोलापुराकडून इकडं आले, रस्त्याच्या कामावर राबले. शोळिंगनल्लूरला उकळतं डांबर उडालं. डावा गाल भाजला, मान भाजली. ठेकेदारानं दवाखान्यात टाकलं, पुन्हा फिरकला नाही. पुढं नवरा तापानं गेला. धुण्याभांड्याचं काम मागायला गेले तर बायका दार लोटून घ्यायच्या. पोरं भितील म्हणायच्या. कॉलेजानं मात्र ह्या तोंडासाठीच ठेवलं.

त्या दिवशी आमच्या सरांनी पाहुणा बोलावला होता. मेंदूवर संशोधन करणारा. पेन लावलं तो हाच. सुंदर कशाला म्हणायचं, यावर दोघांचा वाद. पाहुणा म्हणे, चेहऱ्याच्या दोन्ही बाजू सारख्या असल्या की मेंदू सुखावतो, सौंदर्य मोजता येतं. सर म्हणत, कलेत तसं नसतं. वस्तूकडून काही नको असताना नुसतं बघून जो आनंद होतो, ते सौंदर्य. कुरूप वस्तूसुद्धा चित्रात सुंदर होते.

तमीळमध्ये बोलत होते. मला तमीळ कळते. वस्तू म्हणजे मी.

मग पडद्यावर माझा फोटो आला. एवढा मोठा. कधी काढला, मला माहीत नाही. शेजारी एका मुलानं काढलेलं माझं चित्र.

"हा चेहरा कुणाला सुंदर वाटतो? हात वर करा," सर म्हणाले.

एकही हात नाही.

"आणि हे चित्र?"

सगळे हात वर. कुणीतरी हसलं. सर खूश झाले, वाद जिंकले म्हणून.

मी चौथऱ्यावरून उतरले. "तो फोटो बंद करा," म्हटलं.

"अम्मा, बसा," सर म्हणाले. "तुमचा अपमान नाही हा. सौंदर्याचा विचार चाललाय."

"माझ्या तोंडाचा चाललाय. मला विचारलं का?"

"बसायचं नसेल तर उद्यापासून येऊ नका."

गाडीत तांबरमपर्यंत पदर तोंडावरून काढला नाही. घरी लेकीला सांगितलं. ती बारावीला आहे, मराठी तोडकंमोडकं. रडत म्हणाली, "माफी माग ना अम्मा. मी शाळा सोडू काय?"

सकाळी गेले. माफी मागायलाच गेले. दारात उभी राहिले, हात जोडले.

सर मऊ झाले. "या. पाहुणे आजही आहेत. कालचंच दुसऱ्या वर्गावर करू. फक्त गप्प बसायचं."

हो ओठांवर आलं होतं. लेकीचं रडणं कानात होतं. आत पडदा लावत होते. मुलं जागा धरत होती. ह्यांचेही हात खालीच राहणार, हे मला दारातूनच दिसलं.

"चित्रासाठी बसते," मी म्हटलं. "त्याला नाही बसणार."

"मग जा."

गेले.

अजून काम नाही. लेक धड बोलत नाही. कधीकधी वाटतं, भिंतीवर डोकं आपटावं. बरोबर केलं का, हे सांगायला कुणी आलेलं नाही.

मला सुंदर म्हणा, असं मी कुणाला म्हटलं नव्हतं, म्हणणार नाही. पण मला जिवंत समोर बसवून, मला न विचारता, माझा निवाडा करू लागलात तर मी उठणार. दर वेळी उठणार. उपाशी असले तरी.