डबे उघडणाऱ्या बाई

आमच्या दर्यापूरच्या गल्लीतल्या अंगणवाडीच्या बाई चप्पल दारात काढतात, पण आत येऊ का म्हणून कधी विचारत नाहीत. सरळ स्वयंपाकघरात शिरतात आणि डबे उघडतात. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांच्या पोटाकडे बघून त्या म्हणाल्या होत्या, "साहेब, तुमचा आहार तं कमीच करा लागते."

माझी लेक तेव्हा दीड वर्षाची होती. आठवडाभर प्रत्येक घास थुंकून टाकत होती आणि वजन घटलं होतं. बाईंनी तिला वजनकाट्यावरून उचललं आणि थेट माझं घर गाठलं.

"किराणा संपलाय हो, घरात काहीच नाही," मी म्हटलं.

"मंग हे ज्वारीचं पीठ काय तोंडाले लावाले ठेवलं?" त्यांनी पिठात गुळाचं पाणी आणि दाण्याचा बारीक कूट कालवला, मऊ धिरडी टाकली. लेकीनं पहिला तुकडा भिरकावला. मी चिऊचा घास, काऊचा घास सुरू केलं.

"चूप बस. काहून हातापाया पडून राहिली तिच्या?" बाई पोरीकडे पाठ करून बसल्या आणि मचमच करत स्वतःच खाऊ लागल्या. "हे माह्यं आहे. कोनाले देत नाही मी."

लेक दुडुदुडु आली, त्यांच्या हातातलं धिरडं तिनं ओढलं आणि अख्खं संपवलं. मला रडूच फुटलं.

बाईंनी ताटली माझ्यापुढे सरकवली. "आता तू गिळ. सोता वाळून काडी झाली, अन् चालली लेकरू पोसाले."

मी मुकाट्यानं खाल्लं. सकाळपासून मीही उपाशीच होते, हे मला तोवर आठवलंच नव्हतं.