खाचा बुजवलेलं मशीन

भाचीच्या बाळंतपणाला जामनेरला गेले होते. परत धुळ्याला आले तर दारातच डिझेलचा वास. हे, म्हणजे आमचे यजमान, गल्लीचे नाना, ओट्यावर उभे. नखांत काळं, बनियनवर डाग आणि चेहरा असा फुललेला की बाळ जणू ह्यांच्याच घरात झालं. मी म्हटलं, "अहो, पिशव्या तरी घ्या हातातल्या." पिशव्या राहिल्या बाजूला, माझं मनगट धरून मला आतल्या खोलीत नेलं. हे धुळ्याकडचे. एरवी माझ्याशी साधं मराठी बोलतात, पण फार खूश झाले किंवा घाबरले की अहिराणीवर येतात. "दख," म्हणाले, "बठ्ठं नवं करी टाकं." म्हणजे सगळं नवं करून टाकलं.

खिडकीपाशी माझं शिलाई मशीन उभं होतं आणि पहिल्या नजरेला मी ते ओळखलंच नाही. काळं कुळकुळीत. अंगावर सोनेरी वेलबुट्टी. पायडलच्या जाळीला रंग, नवा चामडी पट्टा, खालच्या फळीला पॉलिश. हे मशीन माझ्या आईचं. माहेरी असोद्याला ते ओसरीत असायचं आणि केळी उतरवली की वडील घड त्यावरच टेकवायचे, त्या चिकाचे काळे डाग फळीवर कायमचे बसले होते. लग्नात आईने ते मला दिलं तेव्हा डागांसकट दिलं. केळीचा डाग जात नाही, असं आम्ही जन्मभर ऐकत आलो. ह्यांनी तोही घालवला होता.

ह्यांची नोकरी सूतगिरणीत फिटरची. निवृत्त झाल्यापासून हातांना काम नाही, त्यात लेकाने पुण्याहून मोठा फोन पाठवला. मग दिवसभर बघत बसायचं. परदेशातले लोक भंगारातून जुनी शिलाई मशीनं आणतात, उघडतात, धुतात, रंगवतात. हे चहा गार होईपर्यंत बघत राहायचे आणि मधूनच माझ्या मशीनकडे मान वळवायचे. मला तेव्हाच ओळखायला हवं होतं. मी निघाले आणि ह्यांनी स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला.

काम चोख केलं होतं, हे मी नाकारत नाही. आईने कधीकाळी मशीनला खायचं तेल घातलेलं, ते आतल्या आत डिंकासारखं घट्ट झालं होतं. ह्यांनी एकेक भाग डिझेलमध्ये बुडवून ते खरवडलं. चाकाला बोट लावलं की ते फिरत राहायचं. मी खुर्चीत बसले, सवयीने उजवा हात सुईच्या बाजूला, मशीनच्या बैठकीवर ठेवला आणि नखाने चाचपलं. तिथे काहीच नव्हतं. गुळगुळीत, गार लोखंड.

तिथे माझ्या तीन खाचा होत्या. लग्नानंतर शिवण शिकताना मीच कानसीने पाडलेल्या, सुईपासून वेगवेगळ्या अंतरावर. शिवणीच्या बाहेर जे कापड सोडायचं, त्याला आम्ही माया म्हणतो. खाचेत नख ठेवायचं आणि कापडाची कड नखाला घासत जाऊ द्यायची, की माया सारखी सुटते आणि टाका सरळ जातो. पहिली खाच बाहीला, दुसरी बाजूच्या शिवणीला, तिसरी खालच्या दुमडीला. ह्यांनी त्यात पुट्टी भरली, घासली, वर रंगाचे हात दिले. म्हणाले, "किती ओरखडे पडले होते, ते पण घालवले."

आता खरं सांगते, कारण त्याशिवाय माझा संताप कुणाला कळायचा नाही. मला दिसत नाही. म्हणजे आंधळी नाही मी. कडेचं सगळं दिसतं, रस्ता दिसतो, भांडी दिसतात, पण जिथे नजर रोखावी तिथे धूर. सुई तर त्या धुरातच असते. दवाखान्यात एकटीच जाऊन आले होते. डॉक्टर म्हणाले, आतला पडदा खराब झालाय, गेलं ते परत येणार नाही, आहे ते सांभाळा. घरी मी चष्म्याचा नंबर वाढला म्हणून सांगितलं. सुईत दोरा तेवढा हे ओवून द्यायचे, आणि या वयात कोणती बाई दोरा ओवायला दुसऱ्याला हाक मारत नाही. बाकी सगळं मी त्या तीन खाचांवर शिवत होते, आणि माझा टाका तिरपा गेला असं गल्लीत कुणी म्हटलं नव्हतं.

घरात का सांगितलं नाही? कारण आमच्याकडे काळजी म्हणजे बंदी. गुडघा दुखतो म्हटलं, तर माझं बाजारात जाणं बंद. एकदा तेल उडून हात भाजला, तर लेकाने विजेची शेगडी पाठवून दिली आणि गॅसवर तळण बंद. मला दुखलं की माझ्याकडचं काहीतरी काढून घेतलं जातं, आणि वर मीच आभार मानायचे. शिवण राहिलं होतं. तेही गेलं असतं तर मी सकाळी उठून काय करायचं, हे मला कुणी सांगावं.

त्यामुळे पंचाईत अशी की चिडले, पण कशावर चिडले ते सांगता येईना. दुसऱ्या दिवशी जुन्या लुंगीचा तुकडा घेऊन बसले. टाका गेला नागमोडी. मी म्हटलं, "चाक फार सैल केलंत, हाताला ओढ लागत नाही." ह्यांनी चाक आवळलं. टाका तसाच. मी म्हटलं, "आवाज बदललाय, मला सुचत नाही." ह्यांनी पुन्हा उघडलं, तेल दिलं, कान लावून ऐकलं. मग मी दोऱ्याचा ताण काढला, खुर्चीची उंची काढली, खिडकीचा उजेड काढला. प्रत्येक तक्रारीवर ह्यांच्याकडे उपाय. उजेडासाठी तर डोक्यावर दिवा आणून लावला, तो त्या चकचकीत रंगावरून थेट माझ्या डोळ्यांत. शेवटी हे कपाळाला हात लावून बसले. "सांग ना," म्हणाले, "काय तकलीफ शे तुले?" मी म्हटलं, "काही नाही, सवय होईल." आणि आत जाऊन कणीक अशी तिंबली की परात हलत होती.

मग मी माझं डोकं चालवलं. जखमेवर लावतात ती चिकटपट्टी घेतली, दोन पदरी केली आणि अंदाजाने सुईच्या बाजूला चिकटवली. बोटाला कड लागत होती, टाका बरा जात होता. संध्याकाळी बघते तर पट्टी नाही. ह्यांनी काढली होती. वर चिंधीने पुसून म्हणतात, "अगं, त्या गोंदाने रंग उडतो. कुणी लावली?" मी म्हटलं, "माहीत नाही." दुसऱ्या दुपारी हे झोपले असताना कात्रीच्या टोकाने खाच पाडायला बसले. रंग निघाला, लोखंड काही कापलं जाईना, हात मात्र दुखून आला. तरी थोडी खरखर झाली, नखाला लागण्यापुरती. सकाळी ह्यांना ती दिसली. काय चेहरा झाला ह्यांचा. शेजारच्या मांजरीने उडी मारून ओरबाडलं असणार, असं स्वतःच ठरवलं, आणि बारीक ब्रश घेऊन रंगवलं. वर दोन दिवस हात लावू नको, रंग ओला आहे. मी त्या मांजरीला शिव्या दिल्या. दुसरं काय करणार होते?

आणि नेमका तेव्हाच मागच्या गल्लीतल्या बाईंच्या मुलीचा ब्लाऊज घरात. बाई शाळेत शिकवतात. त्यांच्या स्वतःच्या लग्नाचा ब्लाऊज मी शिवला होता, आणि आता मुलगी शिंदखेड्याला द्यायची ठरली तर शालू घेऊन सरळ माझ्याकडे आल्या. "अक्का, दुसऱ्या कुणाच्या हातात कापड द्यायला जीव होत नाही," म्हणाल्या. शालूलाच जोडून आलेलं जरीचं कापड, चुकलं तर दुसरं मिळणार नाही. ते मी जामनेरला जायच्या आधीच कापून ठेवलं होतं. शिवायचं राहिलं होतं. बाईंनी दोनदा निरोप पाठवला. परत द्यावं तर कारण काय सांगू?

रंग वाळल्यावर मी तो ब्लाऊज शिवला. देवाशपथ सांगते, इतकी भीती मला बाळंतपणात वाटली नव्हती. मान वाकडी करून, डोळ्याच्या कडेने सुई धरायचा प्रयत्न केला. बोटांनी चाचपत, थांबत, पुढे गेले. पूर्ण झाल्यावर शिवणीवरून बोट फिरवलं आणि स्वतःला सांगितलं, ठीक आहे. बोटाला कळलं होतं की ठीक नाही, पण मी ते मानलं नाही.

ह्यांना हौस आली, नव्या मशीनवरच्या पहिल्या कामाचा फोटो लेकाला पाठवायची. ब्लाऊज त्या पॉलिश केलेल्या फळीवर पसरला, फोन धरला आणि थांबले. चष्मा पुसला. बाजूच्या शिवणीवरून अंगठा नेला, परत आणला. गिरणीत जन्मभर केसाएवढा फरक हाताने ओळखलेला माणूस. मी दारात उभी होते. अगदी हळू म्हणाले, "हाऊ टाका तुना नही."

टाका माझा नाही, हे ह्यांच्या अंगठ्याला कळलं होतं. हे माझ्यासमोर आले आणि विचारलं, "तुले कितलं दिखस?"

खोटं बोलायची ताकदच राहिली नव्हती. म्हटलं, "कडेचं दिसतं, मधलं नाही. आता तुम्ही समोर उभे आहात, तर तुमचे कान दिसताहेत. चेहरा दिसत नाही."

ह्यांनी फोन फळीवर ठेवला. "मले काबर नही सांगं?" मी म्हटलं, "सांगितलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी मशीनवर कापड घालून ठेवलं असतं." मग मी खाचांचं सगळं सांगितलं, पट्टीचं, कात्रीचं. मांजरीचं सांगताना मलाच हसू आलं, ह्यांना आलं नाही. त्याच संध्याकाळी कानस काढली. जुन्या खाचांच्या जागी मला बोट टेकवायला सांगितलं आणि मोजून, पुसून, तिन्ही खाचा होत्या तिथे कोरून दिल्या, नवा रंग फोडून. मी एका चिंधीवर टाका घातला. हे बघून म्हणाले, "सुतासारखा सरळ." मला वाटलं, सुटले मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ब्लाऊज उसवायला काढणार होते. जरीचं कापड, पण हलक्या हाताने उसवलं तर भोकं दिसत नाहीत, मला येतं ते. बघते तर पिशवी जागेवर नाही. हे भाजीला गेलेत असं मी धरून चालले होते. तेवढ्यात बाईंचा फोन. "अक्का, नाना आत्ता ब्लाऊज देऊन गेले. सगळं सांगितलं त्यांनी. अहो, आधी नाही का बोलायचं? डोळ्यांना जपा तुम्ही."

तळपायाची आग मस्तकात गेली. पण बाईंवर काढून काय उपयोग. मी म्हटलं, "बाई, तो ब्लाऊज परत पाठवा. माझ्या खाचा मला परत मिळाल्या आहेत, उसवून नीट करून देते. मला दिसत नाही, पण शिवता येतं." मग बाई म्हणाल्या, "लग्नाचं आहे हो, अक्का." आवाज इतका मऊ होता की मला भांडताही येईना.

हे आले, कोथिंबीर घेऊन. मी विचारलं, "मला विचारलं का तुम्ही?" म्हणाले, "तुझ्या जिवाला घोर नको म्हणून." मी म्हटलं, "खाचा तर करून दिल्यात, मग काम कशाला परत केलंत?" ह्यांना खरंच कळत नव्हतं. खाचा घरात हव्यात, चिंध्या शिवायला, वेळ जायला, असं ह्यांच्या डोक्यात. बिघडलेलं मशीन ह्यांना दुरुस्त करता येतं. गावात एकदा बोलून टाकलेलं परत कसं घेणार?

लग्न झालं. आम्हाला मानाने बोलावलं होतं. मुलीच्या अंगावर ब्लाऊज कसा बसला होता ते मला सांगता येत नाही, कारण मी तिच्याकडे सरळ बघितलं. हे म्हणाले, छान होता. मी विचारलं नव्हतं.

नंतर बरेच दिवस शिवण घेऊन कुणी आलं नाही. मशीन बघायला आले, ते वेगळं. ह्यांनी सगळ्यांना दाखवलं, चाक फिरवून. मग एका दुपारी बाई स्वतः आल्या, हातात पिशवी. माझा हात हातात घेतला, डोळ्यांची चौकशी केली, लग्नाचे लाडू दिले. जाताना म्हणाल्या, "अक्का, एवढं शिवून ठेवा. घाई नाही. कसंही झालं तरी चालेल."

त्या गेल्यावर हे पिशवी उघडून बसले. आनंदाने म्हणाले, "बघ, म्हटलं ना, काम येतंय."

मी हात घातला. जाडं सुती कापड, चौकोनी तुकडे, कापून आणलेले. उशांचे अभ्रे. चारही बाजूंनी सरळ शिवण, त्यात चुकण्यासारखं काही नाही, आणि चुकलं तरी उशीला कोण बघतं. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी रडले नव्हते. त्या अभ्र्यांवर हात ठेवून रडले. हे घाबरले, पाणी आणलं, काय झालं ते विचारत राहिले. मी म्हटलं, "काही नाही, सुईत दोरा ओवून द्या."

ह्यांनी ओवला. मी पहिला अभ्रा घेतला आणि शिवायला बसले.